चौदा झाडांचं बी

१८ मार्च, गुंद

पेटी आली. रामनगरपासून जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. दर खड्ड्याला मी दोन्ही हातांनी तिला आवळायची आणि ड्रायव्हर आरशातून हसायचा. हसू दे. त्याला काय माहीत, फुटली असती तर माझी अकरा महिन्यांची नोकरी पहिल्याच दिवशी संपली असती.

नर्सरीतल्या खोलीत टेबलावर मांडली आणि चालू केली. करंजाचं बी वाटीत ओतायचं, झाकण लावायचं, आत डोळ्यांना न दिसणारा उजेड पडतो आणि बियांवरून परत येतो. परत आलेल्या उजेडावरून पेटी सांगते, तेल किती टक्के, ओल किती, आम्ल किती. आम्ल जास्त झालं की डिझेल करताना तेलाचा साबण होतो, म्हणून तेही बघायचं. हे सगळं मिनिटभरात, आणि बियाला ओरखडासुद्धा नाही. तेच बी उचलून पेरता येतं.

बाबा रामनगरला करंज घ्यायचे तेव्हा मूठभर बिया दगडाने ठेचून कागदावर घासायचे. डाग किती पसरतो त्यावर भाव ठरायचा. अंदाज चुकला की समोरच्या माणसावर ओरडायचे. मी ते लहानपणी पुष्कळ बघितलंय. अंदाजाचं काम मला करायचं नव्हतं, म्हणून ही पेटी मला इतकी आवडते.

२२ मार्च

आज खालच्या वाड्यावर सभा झाली. इथून दीड मैल, चौदा घरं, सगळी कुणब्यांची. वाड्याकडे जाणारा रस्ता रुंद होणार आहे आणि रस्त्याच्या कडेला चौदा जुनी करंजं आहेत. झाडं सरकारी, पण शेंगा ज्या घरासमोर झाड त्या घराच्या, अशी जुनी वहिवाट. वरून पत्र आलंय की ज्यांचं तेल सगळ्यात चांगलं अशी तीन झाडं बियांसाठी राखायची, त्यांना वळसा घालून रस्ता न्यायचा. उरलेली अकरा पावसाच्या आधी तोडायची. कोणती तीन ते पेटी सांगणार, म्हणजे मी सांगणार.

महाबळेश्वर हे वाड्याचे बुधवंत, म्हणजे वडीलधारे पुढारी. सभा त्यांच्याच अंगणात. मी सांगितलं की प्रत्येक घराने आपल्या झाडाचं अर्धा किलो बी सोलून, पिशवीवर नाव घालून आणायचं. मग एक म्हातारी बोलली. देवकी नाव, पासष्टीची असेल, एकटीच राहते, एक गाय आहे.

"तुला झाड दावाय लागतं का गो?"

"नको अक्का. बी पुरे."

"झाड न बघताच सांगणार?"

"झाड बघून काय कळतंय? तेल बियात असतं."

बायका हसल्या. देवकीअक्का मात्र हसली नाही. "आनी एका घराचं ऱ्हायलं, दुसऱ्याचं गेलं, तर?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, पेटीला कुणी आपलं नाही की परकं नाही. मला ते उत्तर फार आवडलं होतं. येताना वाटभर मनातल्या मनात घोळवत होते.

२९ मार्च

चौदा पिशव्या आल्या. मी एक ते चौदा आकडे घातले. दोन नंबर महाबळेश्वर, सात केशर, अकरा देवकी, बारा शांती, अशी यादी वहीत केली. केशर म्हणजे देवकीअक्काच्या शेजारची, पंचविशीची. तिचं घर रस्त्याच्या खाली, उतारावर. नवरा परशू गोव्यात गाडी चालवतो, दोन पोरं लहान आहेत. स्वतः आली नाही, तिची पिशवी देवकीअक्काच घेऊन आली.

अक्का बराच वेळ पेटीसमोर बसून राहिली. "हे बी मरत न्हाई न्हवं ह्यात?" असं दोनदा विचारलं. एक बी काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते उलटसुलट केलं, अंगठ्याने कडेवरून फिरवलं आणि परत वाटीत टाकलं.

३१ मार्च

आज इतका आनंद झाला की जेवायची शुद्ध नव्हती. चौदाही पिशव्या झाल्या आणि सगळ्यांत तेल एकतीस ते बत्तीस टक्के! एकाच वाड्यातली चौदा झाडं, सगळी सारखी. एक करंज दुसऱ्या करंजासारखं नसतं, शेजारशेजारच्या झाडांत दहा टक्क्यांचा फरक असतो, असं पुस्तकात आहे. इथे काही वेगळंच दिसतंय. कदाचित सगळी एकाच मूळ झाडाची असतील. टेकाडावर जाऊन, जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथून, आमच्या ऑफिसच्या सरांना फोन केला.

२ एप्रिल

सर म्हणाले, असं होऊ शकत नाही. पेटी नीट लावली होती का, वाटी पुसली होती का, मधे वीज गेली होती का. जणू मी कालच शाळेतून आलेय. मी म्हटलं, सर, तीन तीन वेळा बघितलंय. तर म्हणाले, वाटीने सरासरी येते, एकेक बी बघ. एकेका बियासाठी भोकाची छोटी चकती असते, ती लाव.

चौदा पिशव्यांतलं एकेक बी! फोन ठेवल्यावर एका कुंडीला लाथ मारली. कुंडी फुटली आणि अंगठा सुजला.

४ एप्रिल

सर बरोबर होते. हे इथे लिहिते, त्यांना सांगताना जीभ जड झाली.

सात नंबरच्या पिशवीतल्या पन्नास बिया एकेक करून बघितल्या. चोवीस, अडतीस, एकतीस, सव्वीस, छत्तीस. एकाच झाडाच्या बियांत इतका फरक येत नाही. अकरा नंबरची उघडली, तिथेही तसंच. तीन, नऊ, चौदा, सगळीकडे तोच पसारा. प्रत्येक पिशवीत सगळ्या झाडांचं बी आहे. मिसळलंय, आणि मुद्दाम मिसळलंय.

मला फसवलं. आल्या आल्या फसवलं, आणि मी टेकाडावर चढून आनंदाची बातमी देत बसले.

५ एप्रिल

सकाळीच वाड्यावर गेले ते डोक्यात राख घालून. महाबळेश्वर अंगणात गवताची दोरी वळत होते. मी उभ्यानेच विचारलं.

त्यांनी दोरी खाली ठेवली. "मिसळलं, व्हय. सगळ्यांनी घातली मूठ."

"का पण? मी नाव घालून आणायला सांगितलं होतं ना?"

"नाव घातलंय की. पन बी वाड्याभायर जाताना सुटं जात न्हाई बाई. भाताचं बी दुसऱ्या गावाला दिलं तरी परतेक घराची एकेक मूठ त्यात पडती. एकाचं बी किडलं, एकाचं पोचट निघालं, तर नाव सगळ्या वाड्याचं जातं, एकट्याचं न्हाई. आमच्या आज्ज्यापास्नं तसंच हाय. तुमी मागितलं, आमी तसंच दिलं."

"अहो, पण आता तीन झाडं कशी निवडायची मी?"

"तेच," म्हणाले. दोरी परत वळायला घेतली. आता लिहिताना वाटतं, त्या "तेच"मध्ये बरंच काही होतं. मला तेव्हा राग इतका होता की कानात नुसता घूं आवाज येत होता.

मी म्हटलं, यादी वीस तारखेच्या आत गेली नाही तर चौदाच्या चौदा तोडतील, मग घाला मुठी. हे बोलायला नको होतं. बायका दारात येऊन उभ्या होत्या, त्यांची तोंडं उतरली. केशरच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. आणि खरं तर मार्गही दिसेना. शेंगा वेचून संपल्यात, शेंड्याला चार राहिल्या असतील, तिथे चढणार कोण?

तेवढ्यात देवकीअक्का म्हणाली, "पेटीनं बी फोडलं न्हाई न्हवं? हाय तसंच हाय?"

"आहे तसंच आहे."

"मग मी निवडते. चाळीस वर्सं ह्या वाड्याचं करंज सोलते मी. कुणाचं बी कंचं, हाताला कळतं."

७ एप्रिल

महाबळेश्वरांच्या ओसरीवर चौदा वर्तमानपत्रं अंथरली, प्रत्येकावर आकडा घातला आणि कुठला कागद कुणाच्या घरचा ते अक्काला सांगितलं. एकदाच सांगितलं, तिने पाठ करून टाकलं. सगळ्या पिशव्या मधे ओतल्या, सात किलोंचा एकच ढीग.

अक्का मात्र भाकरी थापायला बसावी तशी बसली. बी उचलायची, अंगठा फिरवायची आणि टाकायची. एखादं बी हातात राहिलं तर ते नाकाशी नेऊन बघायची. "हे झऱ्याकडचं, बेंबीकडं खोलगट असतं. हे बुधवंताचं, कातडं सुरकुतलेलं." मधून मधून पाणी प्यायची. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, ती आपल्या अकरा नंबरच्या कागदावर निवडक चांगलं बी तर टाकत नाही ना. खोटं कशाला लिहू, माझा विश्वास नव्हता.

८ एप्रिल

आज शांती मदतीला बसली. शांती बारा नंबरची, बोलकी बाई. अक्काने सात नंबरच्या कागदावर मूठभर बी टाकलं तशी ती म्हणाली, "अगे अक्का, हे तर तुझ्या..."

अक्काने तिच्याकडे नुसतं बघितलं. शांती उठून चुलीकडे गेली आणि परत काही आलीच नाही. बरं झालं. मधे कुणी लुडबुड केली की हात चुकतो. केशर पोराला घेऊन दारात आली होती, तिलाही अक्काने घरी पाठवलं. "तुजं काय काम हितं, पोरांना भात घाल जा."

१० एप्रिल

संपलं. चार दिवस, सात किलो. अक्काचे अंगठे काळे पडलेत. मी हात हातात घेऊन बघितले. पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

१२ एप्रिल

पेटीसमोर दोन दिवस बसले. चौदा ढीग, प्रत्येकातल्या शंभर बिया एकेक करून. आणि काय सांगू, प्रत्येक ढिगातले आकडे एकमेकांना चिकटून आहेत! या ढिगात सगळे छत्तीसच्या आसपास, त्या ढिगात सगळे अठ्ठावीसच्या आसपास. शंभरात एखादं दुसरं चुकीचं. एका म्हातारीच्या अंगठ्याने जे केलं ते पेटीने एकेक करून खरं ठरवलं. सरांना फोन केला, त्यांनी आकडे दोनदा वाचायला लावले.

सगळ्यात वर सात नंबर, केशरचं. अडतीस टक्के, आम्ल अगदी कमी, डिझेलला याहून चांगलं बी मी बघितलेलं नाही. मग महाबळेश्वरांचं, छत्तीस. मग शांतीचं, पस्तीस. तीन झाडं मिळाली.

सगळ्यात खाली अकरा. देवकीअक्काचं. चोवीस.

तीनदा बघितलं. चोवीसच.

१४ एप्रिल

माझ्यावर अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. जिने हे सगळं निस्तरलं, तिचंच झाड जाणार. झाड तिच्या गोठ्याशेजारी आहे म्हणे, नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं, तो जाऊन बारा वर्षं झाली. हे मला शांतीने सांगितलं, अक्काने नाही. शांती सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

दुपारी पेन हातात घेऊन बसले. चोवीसचे चौतीस करायला एक आकडा पुरतो. शांतीच्या पस्तीसचे तेहतीस केले की संपलं. कोण बघणार होतं? पेन खाली ठेवलं, परत घेतलं. मग वहीच उचलली आणि वाड्यावर गेले.

अक्का गायीला पाणी दाखवत होती. मी सांगितलं, "अक्का, तुमच्या झाडाला तेल कमी आहे. सगळ्यात कमी."

"व्हय? पेटी म्हणती तर आसंल."

"केशरच्या झाडाला सगळ्यात जास्त."

तिने डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, दुःख गिळलं. मी म्हटलं, "आकडा बदलता येईल. तुम्ही म्हणाल तर बदलते."

"न्हाई." एकदम मोठ्याने म्हणाली, गाय दचकली. "काय बदलायचं न्हाई. हाय तसं लिव्ह. सात नंबर ऱ्हाऊ दे. वचन दे मला."

वचन दिलं. वाटेत मला रडू आलं. इतक्या सरळ मनाची माणसं मी बघितलेली नाहीत, आणि मी हिच्यावर चार दिवस चोर समजून लक्ष ठेवलं होतं.

१६ एप्रिल

यादी पाठवली. यादीच्या छापील नमुन्यात शेवटचा रकाना "जागेचं वर्णन" असा होता. मी चौदाही ठिकाणी रेघ मारली. आकडे असताना वर्णन कशाला?

२५ एप्रिल

तिन्ही झाडांचं बी नर्सरीत पिशव्यांत पेरलं. सातचं सगळ्यात जास्त, तीनशे ऐंशी. फळीवर "७, केशर" अशी पाटी लावली. केशर रोजावर पाणी घालायला येते. स्वतःच्या नावाची पाटी बघून लाजली. "माझं झाड एवढं मोठं निघालं?" म्हणाली. सासरी आल्यापासून तिच्या झाडाच्या तेलाचा दिवा लवकर विझतो म्हणून सगळ्या बायका चिडवायच्या, तिला खरंच वाटेना. बायकांना काय कळतंय, मी म्हटलं.

६ मे

आज झाडं तोडली. मी गेले, जायलाच हवं होतं.

यंत्राची करवत. एकेक झाड दहा मिनिटांत आडवं. देवकीअक्काचं शेवटी आलं. ती गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती, डोळ्याला पदर नाही, काही नाही. केशरच ओक्साबोक्शी रडत होती, अक्काच्या कमरेला मिठी मारून. ती अक्काला अव्वा, म्हणजे आई, म्हणते. "अव्वा, माझं जाऊ द्यायचं हुतं, तुझं का गेलं गे." अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "गप. गप पोरी. झाडच हाय ते."

झाड पडलं तेव्हा शेंड्याला राहिलेल्या दहाबारा शेंगा रस्त्यावर सांडल्या. सवयीने उचलून पिशवीत टाकल्या.

७ मे

शेंगा सोलल्या, उन्हात ठेवल्या, दुपारी चकतीवर ठेवून बघितल्या. कशाला बघितल्या देव जाणे.

अडतीस. साडेअडतीस. एकोणचाळीस. अडतीस.

आम्ल अगदी कमी.

पेटी बंद करून परत चालू केली. मग सात नंबरच्या राखून ठेवलेल्या बिया काढल्या आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तोच गोल आकार, बेंबीजवळ तीच तांबूस रेघ. आंधळ्यालाही कळलं असतं. मला नाही कळलं, कारण मी बियांकडे कधी बघितलंच नव्हतं, फक्त आकड्यांकडे बघत होते.

अक्काने ढीग बदलले. आपलं बी केशरच्या कागदावर ठेवलं आणि केशरचं आपल्या. ढीग शुद्ध आहेत की नाहीत ते पेटी सांगू शकते. कागदावरचं नाव खरं की खोटं, हे ती कुठून सांगणार?

८ मे

अक्काला काही विचारायच्या आधी केशरचं झाड बघायला गेले. चौदा झाडांतलं मी नीट निरखून बघितलेलं पहिलं झाड, तेही अकरा तोडून झाल्यावर.

रस्त्याच्या कडेवरून खाली उतरले. वरून झाड साधंच दिसतं. खालून बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. दोन पुरुष उंचीची लाल मातीची दरड, आणि तिच्या अगदी पायाशी केशरची चूल. दरडीत मातीपेक्षा मुळंच जास्त. हाताच्या जाडीची मुळं दगडांना वेटाळून खालपर्यंत आलीत, एक तर तिच्या न्हाणीच्या भिंतीमागे गेलंय. झाड काढलं असतं तर पहिल्या आठवड्याच्या पावसात ती दरड चुलीवर आली असती. पोरं चुलीपाशीच झोपतात.

अक्का मागून येऊन उभी राहिली होती.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"तुला सांगितलं हुतं की, झाड बघाय ये म्हणून. तू म्हणलीस, तेल बियात आसतं."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"मग काय करायचं हुतं? तुझी पेटी तेल बघती. ह्या झाडाला तेल न्हाई, आमाला सगळ्यांना ठावं हाय. पैल्यांदा मुठी घातल्या, म्हणलं सगळी सारखी दिसली तर वरचे सायेब येतील, झाडं बघतील, बोलतील. तू तर रागं भरून आलीस. मग माझ्याकडं एकच हुतं, ते दिलं."

ती दरडीतल्या मुळावर हात ठेवून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तू कुणाला बोलणार न्हाईस न्हवं? वचन दिलंयस."

मी वर रस्त्याकडे चढायला लागले.

१० मे

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. गप्प बसले तर केशरचं झाड राहतं, पण पुढच्या वर्षी त्याचंच बी सगळ्यात उत्तम म्हणून गावोगाव जाणार. लोक पाच सहा वर्षं झाडं वाढवणार आणि हाती येणार चोवीस टक्के. सांगितलं तर सात नंबर यादीतून जाणार, झाड जाणार, दरड येणार. यंदा पेरलेलं बी तेवढं खरं आहे, ते अक्काच्याच झाडाचं. फक्त पाटी खोटी आहे.

नोकरीचा विचार मनात येत नाही असं नाही. येतो, आणि आला की स्वतःचीच लाज वाटते.

११ मे

सरांना सगळं सांगितलं. टेकाडावर उभं राहून, एका दमात, मूठ घालण्यापासून शेंड्याच्या शेंगांपर्यंत. वचन मोडलं. शेवटी म्हटलं, "सर, माझं नाव काढा, पण ते झाड तोडू देऊ नका. तुम्ही एकदा येऊन दरड बघा."

"येतो," म्हणाले. लगेच फोन ठेवला.

१४ मे

सर आले. आधी दरडीखाली गेले, वाकून मुळं बघितली, केशरच्या हातचा चहा घेतला. केशरला वाटलं, तिच्या उत्तम झाडाचं कौतुक करायला साहेब आलेत. तिने पोरांना नवे कपडे घातले होते.

वर आल्यावर सर रस्त्यावर थांबले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मनीषा, हे झाड तीनांत धरायचंच नव्हतं. घराच्या वरची दरड धरून ठेवणारं झाड तोडत नाहीत. ते वेगळं राखतात, तेलाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठीच तर शेवटचा रकाना होता. 'खाली घर आहे', एवढं लिहिलं असतंस तरी पुरे होतं."

मी विचारलं, "मग तिसरं?"

"मग तिसऱ्या जागी अडतीसवालं आलं असतं." त्यांनी गोठ्याशेजारच्या बुंध्याकडे बघितलं. "आता त्या जागी लावायला झाडच नाही."

केशरचं झाड राहील. सरांनी तिथल्या तिथे लिहून सही केली. माझ्या अहवालात चूक कशी झाली ते मीच माझ्या हाताने लिहायचं आहे. लिहीन. वही समोर आहे, पण त्या तीन शब्दांपुढे काही सुचत नाही. खाली घर आहे. मी रेघ मारली होती.

१५ मे

अक्काला सांगावं की नाही, यावर सकाळ घालवली. न सांगणं सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. आपल्या झाडाच्या बदल्यात केशरचं वाचलं, एवढं तिच्याकडे होतं, आणि तेही मी काढून घ्यायला निघाले होते. पण एवढं सगळं झाल्यावर तिच्याशी आणखी एक खोटं बोलणं मला जमलं नसतं.

ती बुंध्यावर बसून शेणाच्या गोवऱ्या मोजत होती. मी खाली मातीत बसले. वचन मोडलं ते आधी सांगितलं. मग झाड राहणार ते सांगितलं, तिचा चेहरा उजळला. मग उरलेलं सांगितलं, की दोन्ही राहिली असती.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "दोनी म्हंजे?"

"केशरचं आणि तुमचं. मी झाड बघायला आले असते तर. चूक माझी आहे अक्का."

अक्काने गोवऱ्यांचे हात लुगड्याला पुसले, दोन्ही तळवे बुंध्यावर ठेवले आणि रडली. तोडताना जे रडली नव्हती ते सगळं रडली, आवाज करून, नवऱ्याला हाक मारून. मी तिला हात लावायला धजले नाही. गाय दावं ओढून आमच्याकडे बघत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालून केशरची हाक आली, "अव्वा, काय झालं गे? येऊ काय?"

अक्काने झटकन पदराने तोंड पुसलं. "काय न्हाई गो! डोळ्यात कुसळ गेलं!" असं ओरडून सांगितलं. मग माझं मनगट धरलं. अंगठ्यावरचा काळा डाग अजून गेलेला नाही.

"केशरला सांगू नको," म्हणाली. "तिला वाटंल तिच्यापायी गेलं. जनमभर वाटंल."

या वेळी वचन मागितलं नाही तिने. मीच दिलं.